साडेसात एचपीच्या गिरणीला ब्रेकर किती अँपिअरचा? उद्यमनगरातल्या पॅनेलवाल्या काकांकडचा अनुभव

कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला आमची पिठाची गिरणी आहे, तिला लागूनच चटणीचं कांडप, वडिलांच्या वेळेपासनं. गिरणीला साडेसात एचपीची मोटर, कांडपाला पाच. मार्च ते मे म्हणजे आमच्यात श्वास घ्यायला वेळ नसतो, लक्ष्मीपुरीतनं मिरच्या घेऊन बायका थेट आमच्याकडं येतात, ब्याडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, वर्षाची चटणी एकदाच करायची असते आणि प्रत्येकीला आजच पाहिजे असते. अशा टायमाला मोटर जळली तर काय होतं ते ज्याची गिरणी आहे त्यालाच कळेल. आमची जळली, भर सीझनला, आणि त्यानंतर उद्यमनगरातल्या ह्या दुकानातनं दोन्ही मोटरींचे स्टार्टर नव्यानं करून घेतले. आता एक पूर्ण सीझन गेलाय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मला आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर माझे पैसे आणि दहा दिवस वाचले असते.

आधी जळाली कशी ते सांगतो. आमच्या जुन्या बोर्डात गिरणीला सी १६ चा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, होता. चालू करताना चारपाच वेळातनं एकदा पडायचा, परत उचलला की चालायचं. सीझनमध्ये वैताग यायचा म्हणून आमच्याकडं नेहमी येणाऱ्या वायरमनला बोलावलं, तो म्हणला एमसीबी लहान पडतोय, त्याच्याकडं पिशवीत ६३ चा होता तो टाकून गेला. पडायचा बंद झाला, आम्ही खूश. नंतर संध्याकाळी व्होल्टेज कमी असताना स्टार्टरचा रिले (मोटरनं जास्त करंट घेतला की तिला बंद करणारा) पडायला लागला, तर तोच येऊन म्हणला रिले खराब आहे, नवीन मिळेपर्यंत डायरेक्ट करतो. रिलेवर ९५ आणि ९६ असे दोन पॉइंट असतात, ओव्हरलोड झाला की त्यांच्यातलं कनेक्शन तुटतं आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा चुंबकाचा स्विच, सुटतो. त्या दोन पॉइंटांच्या मधे बोटभर लांबीची लाल वायर, बस एवढंच केलं होतं त्यानं. नवीन रिले काय आलाच नाही, आणि मीपण मागं लागलो नाही कारण गिरणी चालत होती.

मग एका संध्याकाळी डीपीवर एक फेज गेली. मोटर चालू होती ती चालूच राहिली, फक्त आवाज जड झाला, मला वाटलं दळण जास्त पडलंय म्हणून मी हॉपरचं दार जरा बारीक केलं. पाचसात मिनिटांत वार्निश जळल्याचा तो वास आला, ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. ६३ चा एमसीबी तसाच वर, हूं की चूं नाही.

रिवाइंडिंगवाल्यानं मोटर उघडून मला बोलावून दाखवली. आमची मोटर आतनं डेल्टा जोडणीची, त्यामुळं गोल फिरून चार ठिकाणी कॉईल कोळशासारख्या काळ्या आणि त्यांच्या मधल्या बाकीच्या सगळ्या नव्यासारख्या तांबूस. तो म्हणला असं एकाआड काळं दिसलं की समजायचं सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाऊन मोटर दोनवरच चालली, एकाच फेजच्या कॉईल जळल्यात, नुसता ओव्हरलोड असता तर सगळं सारखं काळं झालं असतं. रिवाइंडिंगचे ७,८०० गेले, वर सीझनचे दहा दिवस. पैशापेक्षा ते दहा दिवस जास्त लागले, कारण बायका मिरच्या वाळवून घेऊन यायच्या आणि मिसेसना त्यांना परत पाठवायला लागायचं.

आता दुकानाबद्दल. रिवाइंडिंगवाल्यानंच ह्या काकांचा पत्ता दिला. दुकान लहान आहे, पुढं काउंटर, मागं दोन पोरं पॅनेल वायर करत बसलेली असतात. मी जाऊन सांगितलं, साडेसात एचपीला ३२ चा चांगल्या कंपनीचा एमसीबी द्या. दुसरा कुणी असता तर काढून दिला असता. काका म्हणले, "दादा, आधी मोटरच्या प्लेटचा फोटो दाखवा, त्याशिवाय मी काय देत नाही." माझ्याकडं फोटो नव्हता. मला परत पाठवलं. खरं सांगतो त्यावेळी राग आला, उन्हात फुलेवाडीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे काय, पण ह्या एका गोष्टीसाठीच मी आज ह्यांना पाच पैकी साडेचार देतोय.

प्लेटवर ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १०.८ अँपिअर, १४४० आरपीएम. काका म्हणले एचपी विसरा, हा १०.८ लक्षात ठेवा, सगळं इथनं सुरू होतं. साडेसात एचपीच्याच दोन कंपन्यांच्या मोटरींचा अँपिअर वेगळा असू शकतो, टू पोल फोर पोल वेगळा, त्यामुळं एचपीवरनं ब्रेकर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं त्यांचं मत आणि आता माझंपण.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर जाणकारांनी सांगा. ब्रेकरकडनं दोन वेगवेगळी कामं पाहिजे असतात आणि लोक ती एकत्र करतात. एक म्हणजे शॉर्ट झाला की झटक्यात तोडणं, म्हणजे वायर आणि बोर्ड वाचतो. दुसरं म्हणजे मोटरनं प्लेटपेक्षा जरा जास्त करंट बराच वेळ घेतला तर तोडणं, म्हणजे वाइंडिंग वाचतं. एमसीबी हा मुळात पहिल्या कामाचा आणि वायरचा राखणदार आहे, मोटरचा नाही. एमसीबीवर सी १६ लिहिलेलं असतं त्यातला १६ म्हणजे तो कायम किती करंट चालवणार, आणि सी म्हणजे किती पटीला झटक्यात पडणार. बी असेल तर ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १० पट, डी असेल तर १० ते २० पट. म्हणजे सी १६ हा ८० ते १६० अँपिअरच्या मधे कुठंतरी झटक्यात पडणार, नेमका कुठं ते त्या त्या पीसवर. आता मोटर डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, चालू केली की पहिले काही सेकंद सहा सात पट करंट घेते, म्हणजे आमची ६५ ते ७५ अँपिअर, आणि बटण दाबल्याच्या पहिल्याच क्षणाला त्याच्याहून मोठा झटका येतो, तो कधी मोठा कधी लहान, बटण नेमकं कुठल्या क्षणाला दाबलं गेलं त्यावर. म्हणून आमचा सी १६ चार वेळा चालायचा आणि पाचव्यांदा पडायचा. एमसीबी खराब नव्हता, जात चुकीची होती! एवढी वर्षं आम्ही त्याला शिव्या दिल्या.

आणि ६३ चा टाकल्यावर काय झालं तेपण त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. एक फेज गेली आणि लोड तेवढाच राहिला तर उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण १.७३ पट होतो, १०.८ चा साडेअठरा. ६३ वाल्याला साडेअठरा म्हणजे काहीच नाही, तो जन्मभर चालवेल. आणि मोटरला जाणारी आमची वायर २.५ स्क्वेअर एमएमची, तिच्यावर ६३ चा एमसीबी म्हणजे उद्या वायर गरम होऊन पेटली असती तरी तो पडला नसता. हे ऐकल्यावर मात्र अंगावर काटा आला कारण ती वायर पिठाच्या पोत्यांच्या मागनं जाते, आणि गिरणीत हवेत पीठ किती असतं ते तुम्हाला माहीत आहे.

त्यांनी दोन पर्याय दिले. एक, डी कर्व्हचा एमसीबी, कॉन्टॅक्टर आणि प्लेटच्या अँपिअरवर लावलेला चांगला रिले, म्हणजे शॉर्टचं काम एमसीबीचं आणि ओव्हरलोडचं काम रिलेचं. दुसरा, एमपीसीबी म्हणजे मोटर प्रोटेक्शनचाच ब्रेकर आणि पुढं कॉन्टॅक्टर, ह्यात दोन्ही कामं एकाच डब्यात. पहिला थोडा स्वस्त पडतो. मी दुसरा घेतला कारण त्यात एक फेज गेली तर ओळखायची सोय आतच असते, आणि रिलेवर वायर टाकून डायरेक्ट करायला जागाच नाही, करंट त्याच्या आतनंच जातो. माझ्यासाठी तेवढं कारण बास होतं.

गिरणीला श्नायडरचा जीव्ही२एमई१६ बसवला, त्याची डायल ९ ते १४ अँपिअर. झटक्याचा ट्रिप १७० अँपिअरला, म्हणजे डायलच्या वरच्या आकड्याच्या बारा पटीच्या आसपास, चालू करतानाच्या ७५ ला आणि पहिल्या झटक्याला तो हलत नाही. कांडपाच्या पाच एचपीला प्लेटवर ७.२ होते, तिला जीव्ही२एमई१४, डायल ६ ते १०. एबीबी, सीमेन्सचेपण ह्याच प्रकारचे येतात, आणि आपल्याकडं सगळे जे एल अँड टी एल अँड टी करतात ते स्विचगियर आता लॉरिट्झ नुडसेन नावानं येतं, काकांनी तेपण दाखवले, किमतीत फार फरक नव्हता, ज्याचा माल त्या दिवशी त्यांच्याकडं होता तो मी घेतला. रेंज निवडताना एक गोष्ट बघायची म्हणले, आपला आकडा डायलच्या मधे आला पाहिजे, अगदी टोकाला नको. १०.८ ला ६ ते १० चालणारच नाही आणि १३ ते १८ वाला घेतला तर त्याचा सगळ्यात खालचा आकडाच १३, म्हणजे मोटर आधीच उघडी पडली.

मला सगळ्यात आवडलं ते फिटिंगच्या दिवशी. काकांचा मुलगा बॉक्स घेऊन आला, जोडून झालं आणि मला वाटलं आता जाईल. पण तो म्हणला गहू टाका, फुल लोडवर चालवा. टंग टेस्टर काढून एकेक वायर त्याच्या तोंडात धरून वाचत गेला आणि बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला पेननं लिहिलं, आर १०.१, वाय १०.४, बी ९.८. तीन फेजमध्ये फार फरक नाही म्हणजे रिवाइंडिंग नीट झालंय असं म्हणला. मग बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन डायलचा बाण ११ च्या जरा अलीकडं आणून ठेवला आणि त्या जागेवर लाल पेंटचा ठिपका दिला. मी विचारलं संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा पडला तर थोडा वर करू का, तर नाही म्हणला, व्होल्टेज कमी झालं की त्याच दळणाला मोटर जास्त करंट ओढते आणि जास्त तापते, नेमकं तेव्हाच त्यानं पडायला पाहिजे, पडला तर दळण कमी टाका, डायलला हात लावू नका. आमच्या जुन्या रिलेचा पण तोच दोष होता म्हणे, म्हणजे दोष नव्हताच, तो त्याचं काम करत होता.

मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्यानं चालू करायला किती वेळ लागतो ते मोजलं. रिकामी गिरणी साडेतीन सेकंदात पूर्ण वेगाला आली. हॉपरमध्ये गहू तसाच ठेवून चालू केली तर सातच्या पुढं गेली. हा ब्रेकर क्लास १० चा आहे, म्हणजे डायलच्या ७.२ पट करंट राहिला तर तो ४ ते १० सेकंदांच्या मधे पडणारच, त्यामुळं भरलेल्या हॉपरनं चालू करायची सवय सोडा म्हणून सांगितलं. जिथं मोठं चाक, जड पंखा वगैरे फिरायलाच दहा बारा सेकंद घेतो तिथं क्लास २० घ्यायला लागतो. हे मला कुठल्या दुकानात कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आता गिरणी बंद करताना आधी हॉपर रिकामा करायचा हा आमच्यात नियमच झालाय.

मेनला सी ३२ ठेवला, तिथनं पुढं ६ स्क्वेअर कॉपर, आणि दोन्ही मोटरी एकदम चालू करायच्या नाहीत, एक वेगात आली की मग दुसरी. काकांनी आधीच सांगून टाकलं की मोटरच्या बाजूला मोठा शॉर्ट झाला तर एमपीसीबीबरोबर मेनपण पडू शकतो आणि दोन्ही गिरण्या बंद पडतील, ते वेगळं करायचं तर खर्च वाढतो. विकणारा माणूस आपल्या मालाची ही बाजू स्वतःहून सांगतो हे मला मोठं वाटलं. लाइट जाऊन आली तर कॉन्टॅक्टर सुटलेला असतो, आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय गिरणी चालू होत नाही, आमच्यात बायकामाणसं पदर खोचून कांडपाजवळ उभी असतात त्यामुळं हे तर पाहिजेच. बॉक्स गॅसकेटवाला, ग्लँड लावलेला. जुन्या कॉन्टॅक्टरमध्ये चटणीची धूळ बसून बसून तो गुरगुरायचा, ह्यात सीझन संपल्यावर उघडून बघितलं तर आत जवळजवळ स्वच्छ.

दोनदा पडला आत्तापर्यंत. एकदा एप्रिलमध्ये कांडपाचा, चालू होऊन अर्ध्या तासानं. मिसेसनी मला फोन केला, मी म्हटलं परत चालू करू नका, येतो. येऊन पट्टा काढून हातानं फिरवून बघितलं तर एका बाजूचं बेअरिंग कोरडं पडून जड झालेलं, बदललं, दोन तासांत काम परत सुरू. दुसऱ्यांदा मे महिन्यात वळवाच्या पावसात. वारं सुटलं, वीज चमकली आणि गिरणीचा आवाज जड झाला, तोच आवाज, मला लगेच ओळखू आला. मी उठून बॉक्सपर्यंत जायच्या आत खट् करून पडला. टेस्टरनं बघितलं तर वाय फेज गायब. कॉन्टॅक्टरची कॉईल आर आणि बी वर होती म्हणून तो धरूनच बसला होता, एमपीसीबी नसता तर गेल्या वर्षाची गत झाली असती. मोटरवर हात ठेवून बघितला, कोमट. त्या दिवशी रात्री मी काकांना फोन करून सांगितलं.

आता तक्रारी. चार दिवसांत देतो म्हणून नऊ दिवस लावले. सीझनला सगळे त्यांच्याच मागं असतात हे मान्य, पण मग आधीच नऊ सांगा, आम्ही तशी सोय करतो. दुसरं, मी घेतलेला मॉडेल बटणवाला आहे, त्यामुळं पडला की बॉक्सचं दार उघडून आतलं बटण दाबायला लागतं. फिरवायच्या नॉबचा येतो त्याला दाराबाहेर हँडल काढता येतं, तो महाग आहे, पण हा फरक मला विकत घेतानाच सांगायला पाहिजे होता, मी ते पैसे आनंदानं दिले असते. मिसेसना दार उघडून आत हात घालायला भीती वाटते आणि ती बरोबर आहे. तिसरं, वायरिंगचा डायग्रॅम मागितल्यावर मिळाला, आपणहून दिला नाही. सगळं मिळून दोन मोटरींचे १८,४०० झाले, बिल जीएसटीचं, पैसे फोनवरनं दिले तरी चालतात.

अजून एक सांगायचं राहिलं. माझा मावसभाऊ सांगरूळकडं गुऱ्हाळ चालवतो, त्याच्या चरकाला २० एचपीची मोटर, स्टार डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर चालू करून मग डेल्टात टाकणारा). प्लेटवर २७.५ अँपिअर आणि त्यानं रिलेपण २७.५ वर लावलेला, बरोबर वाटतं ना? मी त्याला बॉक्सचा फोटो काढून काकांना पाठवायला सांगितलं. त्यांनी फोटोवरनंच ओळखलं की रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली आहे, म्हणजे तिथनं डेल्टाच्या एका वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा नाही, आणि तो प्लेटच्या ५८ टक्के असतो. म्हणजे डायल १६ वर पाहिजे होती. किती वर्षं ती २७.५ वर होती देव जाणे. ह्या सल्ल्याचे त्यांनी एक रुपया घेतला नाही, गिऱ्हाईकसुद्धा नव्हता तो त्यांचा.

जाणार असाल तर प्लेटचा फोटो घेऊनच जा, प्लेट पुसली असेल तर तसं सांगा, ते टंग टेस्टर घेऊन येतात. मोटरला जाणारी वायर किती स्क्वेअरची आणि किती लांब आहे, मोटर कशाला जोडलीय आणि पूर्ण वेगाला यायला किती सेकंद लागतात तेपण विचारतात, ते आधीच मोजून ठेवलं तर एक फेरी वाचते. गिरणीवाले, कांडपवाले असाल तर फेब्रुवारीच्या आधी जा. दुपारी एक ते तीन बंद असतं.